साक्ष मुंबईत, खटला न्यू जर्सीत

प्रश्न : मी मुलुंड पूर्वेला राहते. मसाल्यांची निर्यात करणाऱ्या एका कंपनीच्या मस्जिद बंदर येथील कार्यालयात मी 28 वर्षे डॉक्युमेंटेशनचे काम केले आणि 2021 मध्ये निवृत्त झाले. गेल्या आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या कोर्ट कमिशनरची नोटीस मला मिळाली. सोबत न्यायालयाच्या आदेशाची प्रत आहे. 2019 मध्ये न्हावा शेवाहून गेलेल्या हळद पावडरीच्या एका कंटेनरवरून अमेरिकेतील खरेदीदाराने न्यू जर्सीच्या न्यायालयात कंपनीवर दावा लावला आहे. पॅकिंग लिस्टवर माझी सही असल्याने त्यांना माझी साक्ष हवी आहे, आणि त्या व्यवहाराचे कागदही आणायला सांगितले आहेत. मुलगा म्हणतो, नोटीस घेतलीच नसती तर बरे झाले असते, आता गुडघ्याचे कारण सांगून गावी जा. कंपनीच्या जुन्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला होता : 'लॉट नंबर गोडाउनवरून यायचे, तुम्ही फक्त टाइप करत होता, एवढेच सांगा.' मला इंग्रजी वाचता येते, पण बोलताना मी अडखळते. मला अमेरिकेला जावे लागेल का? माझ्यावर केस होईल का? गेलेच नाही तर काय होईल?
— एक वाचक, मुलुंड

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा जाणवले ते हेच की तुमची झोप उडाली आहे ती 'उच्च न्यायालय' या दोन शब्दांमुळे. म्हणून आधी तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देते. तुम्हाला अमेरिकेला जावे लागणार नाही. आणि या दाव्यात तुम्ही पक्षकार नाही. तुमच्याकडून कोणी पैसे मागितलेले नाहीत, तुमच्यावर कोणी आरोप केलेला नाही. एका कागदावर तुमची सही आहे आणि त्या कागदाविषयी तुम्हाला जे ठाऊक आहे ते एका न्यायालयाला तुमच्या तोंडून ऐकायचे आहे, एवढाच या नोटिशीचा अर्थ आहे.

न्यू जर्सीतील न्यायाधीश मुलुंडमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला 'हजर राहा' असा हुकूम थेट पाठवू शकत नाहीत. परदेशात असलेल्या साक्षीदारावर समन्स काढण्याचा अधिकार अमेरिकेचा स्वतःचा कायदाही अमेरिकी नागरिक आणि तिथले रहिवासी यांच्यापुरताच ठेवतो. म्हणून तिथले न्यायालय इथल्या न्यायालयाला विनंतीपत्र लिहिते की अमुक व्यक्ती तुमच्या हद्दीत राहते, तिची साक्ष आमच्यासाठी नोंदवून द्यावी. बोफोर्स प्रकरणाच्या काळात 'लेटर रोगेटरी' हा शब्द आपण सगळ्यांनीच वर्तमानपत्रांत वाचला होता. हे त्याच कुळातले पत्र आहे, मात्र ते प्रकरण फौजदारी होते आणि तुमचे दिवाणी आहे. दिवाणी व व्यापारी दाव्यांतील अशा विनंत्यांसाठी 1970 चा हेग पुरावा करार आहे. अमेरिका त्यात 1972 पासून आहे आणि भारत 2007 मध्ये सामील झाला. ही मदत एकाच दिशेने जाते असेही समजू नका. 2016 च्या फेब्रुवारीत डेव्हिड हेडलीने 26/11 च्या खटल्यात मुंबईच्या विशेष न्यायालयापुढे अमेरिकेतून व्हिडिओद्वारे साक्ष दिली, ती दोन देशांनी एकमेकांना केलेल्या अशाच सहकार्यामुळे, जरी तो मार्ग फौजदारी प्रकरणांचा होता.

विनंतीपत्र उच्च न्यायालयाकडे आले की दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे न्यायालय तीन गोष्टी पाहते : परदेशी न्यायालयाला खरोखरच त्या साक्षीदाराचा पुरावा हवा आहे का, तिथले प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे का, आणि साक्षीदार आपल्या अधिकारक्षेत्रात राहतो का. तुमच्या बाबतीत यातली तिसरी गोष्ट जरा गमतीदार आहे. मुलुंड बृहन्मुंबईत मोडते आणि म्हणून उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात येते. त्यामुळे न्यायालयाला योग्य वाटेल त्या व्यक्तीला, बहुधा एखाद्या अनुभवी वकिलाला, साक्ष नोंदवण्यासाठी कमिशनर नेमता येते. तुमचे घर चेकनाक्याच्या पलीकडे ठाण्यात असते, तर हेच काम ठाण्याच्या न्यायालयाकडे गेले असते.

आता मुलाच्या सल्ल्याविषयी. आईची काळजी वाटते म्हणून तो तसे बोलला, पण त्याचे ऐकू नका. आज तुमच्या हातात कमिशनरची नोटीस आहे. तिला उत्तर दिले नाही तर पुढे समन्स निघू शकते. समन्स घ्यायला नकार दिल्यास बेलिफ ते तुमच्या दारावर चिकटवू शकतो, म्हणजे सोसायटीतले सगळे येता-जाता ते वाचणार. साक्षीदारांना हजर राहण्याविषयीचे आपल्या कायद्यातील नियम अशा कमिशनलाही, म्हणजे कमिशनरपुढे होणाऱ्या साक्षीलाही, लागू होतात. कमिशनर न्यायाधीश नसेल तर तो स्वतः दंड करू शकत नाही, परंतु त्याच्या अर्जावरून उच्च न्यायालय करू शकते. वॉरंट, मालमत्तेची जप्ती आणि 5,000 रुपयांपर्यंत दंड इथपर्यंत ते अधिकार पोचतात. तुमच्यासारख्या व्यक्तीवर इतकी वेळ सहसा येत नाही. पण खोटे कारण सांगून गावी गेलेला साक्षीदार परत येतो तेव्हा त्याच्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते नुकसान दंडापेक्षा मोठे असते.

गुडघ्याचे दुखणे मात्र खरे असेल, तर ते लपवू नका आणि वाढवूनही सांगू नका. कमिशनरना दोन ओळींचे पत्र लिहा, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा, आणि लिफ्ट असलेली जागा, घराजवळचे ठिकाण किंवा व्हिडिओद्वारे साक्ष यांपैकी जे जमेल ते मागा. आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे न्यायालयात येऊ न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष कमिशनवर नोंदवण्याची सोय आपल्या संहितेत आधीपासूनच आहे. आणि व्हिडिओद्वारे नोंदवलेली साक्ष ग्राह्य असते हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये मुंबईच्याच एका वैद्यकीय प्रकरणात स्पष्ट केले आहे, ज्यात न्यूयॉर्कचा डॉक्टर साक्षीसाठी इथे यायला तयार नव्हता. वेळेविषयीही आधीच विचारून घ्या. तिकडचे वकील पडद्यावर हजर राहणार असतील तर ते संध्याकाळची वेळ मागतील, कारण आपल्याकडे सहा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. रात्री नऊ वाजता फोर्टातून सीएसएमटी गाठून मुलुंडची लोकल पकडणे तुम्हाला झेपणार नसेल, तर तसे आजच कळवा. येण्याजाण्याचा खर्च आणि भत्ता देण्याची जबाबदारी साक्ष मागणाऱ्या पक्षाची असते. तो कमिशनरमार्फत मागायला संकोच करू नका, आणि त्याखेरीज कोणत्याही बाजूकडून एक रुपयाही घेऊ नका.

पुढे जाण्याआधी नोटीस खरी असल्याची खात्री करून घ्या, कारण सध्या न्यायालयाचे नाव सांगून लुबाडणारे फोन घरोघरी येत आहेत. आदेशावरचा प्रकरण क्रमांक उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कोणताही खरा कमिशनर फोनवर पैसे मागत नाही, आणि 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही.

मॅनेजरसाहेबांच्या फोनवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पत्रात तुम्ही तो एका ओळीत सांगितला असला तरी खरी अडचण तिथे आहे असे मला वाटते. त्यांनी सुचवलेले वाक्य खरेही असू शकेल. निर्यातीच्या बहुतेक कार्यालयांत लॉट नंबर गोडाउनवरून किंवा सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटच्या, माणसाकडून येतात आणि डॉक्युमेंटेशनवाले ते पॅकिंग लिस्टवर चढवतात, हे मलाही माहीत आहे. पण उलटतपासणीत पहिल्या दहा प्रश्नांत एक प्रश्न हमखास येतो : 'साक्षीपूर्वी या विषयावर तुम्ही कोणाशी बोललात का?' त्याचे खरे उत्तर आता 'हो' असे आहे, आणि तेच द्यावे लागेल. त्यानंतर तुम्ही साहेबांचेच वाक्य त्यांच्याच शब्दांत म्हणालात, तर ते खरे असूनही पढवलेले वाटेल. म्हणून त्यांचा पुन्हा फोन आला तर नम्रपणे म्हणा, 'साहेब, मला नोटीस आली आहे, आता या विषयावर आपण बोलू नये हे बरे.' नुसते बोलणे हा काही गुन्हा नव्हे. खोटे सांगायला लावणे हा मात्र गुन्हा आहे, आणि शपथेवर खोटे सांगणे हा त्याहून थेट गुन्हा आहे. न्यायिक कार्यवाहीत खोटी साक्ष देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. खटला अमेरिकेत आहे म्हणून शपथेचे वजन इथे कमी होत नाही.

भाषेविषयी तुम्ही संकोचाने लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या साक्षीचा सगळा भार भाषेवरच आहे, म्हणून स्पष्ट सांगते : साक्ष मराठीतच द्या. दुभाषा हवा असे कमिशनरना आजच लेखी कळवा. दुभाष्याचा खर्च विनंती करणाऱ्या देशाकडून मागण्याची सोय त्या हेग करारातच आहे. इंग्रजी वाचता येणे आणि कसलेल्या वकिलाच्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर तुम्ही साक्षीदाराच्या खुर्चीत बसून कापू नये.

पण दुभाषा मिळाला म्हणजे काळजी मिटली असे नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका कमिशनच्या वेळी मी फोर्टातल्या एका कार्यालयात बसले होते. साक्षीदार गोडाउनकीपर होते. साधे आणि प्रामाणिक गृहस्थ. वकिलांनी विचारले, 'त्या दिवशी गोण्या ओल्या होत्या का?' ते म्हणाले, 'असेल.' आपण हा शब्द दिवसातून वीस वेळा वापरतो. 'मला ठाऊक नाही', 'तुम्ही म्हणता तर तसे असू शकेल', 'वाद नको' असे तीनही अर्थ त्यात मावतात. दुभाष्याने त्याचे इंग्रजीत केले : हो, होत्या. स्टेनोने ते टाइप केले. चहा येऊन गेला, पुढचे चार प्रश्न झाले, आणि मग त्या उत्तरावर इमारत उभी राहू लागली, तेव्हा कुठे इथल्या वकिलांच्या लक्षात आले की साक्षीदाराने तसे म्हटलेच नव्हते. ती दुरुस्ती करण्यात अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला.

आपल्याकडच्या न्यायालयांत साक्षीचा सारांश न्यायाधीशांनी सांगायचा आणि तो लिहून घ्यायचा, अशी रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. अमेरिकी न्यायालये मात्र प्रश्न आणि उत्तर शब्दशः मागतात, कित्येकदा चित्रीकरणही मागतात, आणि आपल्या कायद्याशी विसंगत नसेल तर ती खास पद्धत पाळण्याची तरतूद करारात आहे. म्हणजे तिथला न्यायाधीश तुम्हाला कधीच प्रत्यक्ष भेटणार नाही; त्याच्यापुढे असेल तो तुमचा टाइप झालेला शब्द. म्हणून 'असेल', 'बहुतेक' आणि 'तसंच काहीतरी' हे शब्द त्या दिवसापुरते घरी ठेवा. आठवत असेल तर 'आठवते' म्हणा, नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, आणि माहीतच नसेल तर 'मला माहीत नाही' म्हणा. ही तिन्ही वेगवेगळी उत्तरे आहेत आणि तिन्ही सन्मानाची आहेत. मान डोलावू नका, कारण स्टेनोला मान टाइप करता येत नाही. 'परवा' म्हणू नका, तारीख किंवा महिना सांगा. आणि 28 वर्षे एका कार्यालयात काढलेल्या माणसाच्या तोंडी सहज येणारे 'आम्ही' टाळा. 'आम्ही लॉट नंबर तपासले' असे तुम्ही म्हणालात, तर कागदावर ते तुम्ही तपासले असे होईल. तुम्ही काय केलेत ते 'मी' म्हणून सांगा. दुसऱ्याने काय केले ते स्वतः पाहिले असेल तरच त्याच्या नावाने सांगा.

पॅकिंग लिस्ट पुढे ठेवतील तेव्हा घाई करू नका. पान उलटून मागची बाजूही पाहा. सही तुमची आहे का, मजकूर तुम्ही टाइप केला आहे का, आणि त्यातील माहिती खरी आहे हे तुम्हाला स्वतःला ठाऊक होते का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, जरी वकील ते एकाच वाक्यात विचारतील. 'प्रश्न तोडून विचारा' असे म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

कागद आणण्याविषयी सांगायचे तर कंपनीचे कागद कंपनीचे आहेत. तुमच्याकडे ते नसतील तर 'माझ्याकडे नाहीत' एवढे उत्तर पुरेसे आहे, आणि ते मिळवण्यासाठी जुन्या कार्यालयात जाऊ नका. त्या करारात सामील होताना भारताने जाहीर केले आहे की खटल्यापूर्वी सरसकट कागदपत्रे धुंडाळण्यासाठी आलेली विनंती तो अमलात आणणार नाही. पण ती हरकत घेणे वकिलांचे काम आहे, तुम्ही त्याची चिंता करू नका. तुमच्याकडे त्या काळातली स्वतःची डायरी, जुने ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवरचे निरोप असतील, तर त्यांतले काहीही फाडू नका आणि पुसू नका. तुम्ही त्याच वेळी लिहिलेली नोंद पाहून आठवण ताजी करणे कायद्याला मान्य आहे. मात्र ती डायरी तिथे उघडली की समोरच्या वकिलालाही ती पाहण्याचा हक्क मिळतो, हे लक्षात ठेवून मगच ती पिशवीत घाला.

एखाद्या उत्तराने आपणच अडचणीत येऊ अशी भीती वाटली तर? तुमच्या हकिकतीत तसे काही मला दिसत नाही. तरीही सांगून ठेवते : भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 137 प्रमाणे, उत्तर स्वतःला गुंतवणारे आहे एवढ्या कारणावरून ते नाकारता येत नाही, परंतु साक्षीदाराला सक्तीने द्यायला लावलेले उत्तर पुढे त्याच्याविरुद्धच्या फौजदारी प्रकरणात वापरता येत नाही, साक्षच खोटी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून असा प्रश्न आलाच तर आधी हरकत नोंदवायला सांगा. कंपनीच्या वकिलांशी झालेल्या पत्रव्यवहाराविषयी विचारले, तर तो वकील आणि पक्षकार यांच्यातील गोपनीय विषय असल्याची हरकत येऊ शकते. तसे झाल्यास कमिशनर ते उत्तर लिहून घेत नाही आणि निर्णय न्यायालयावर सोडतो. तिकडच्या कायद्याने उत्तर नाकारण्याचा काही हक्क दिला असेल, तर तोही सांगता येतो, पण तो विनंतीपत्रात नमूद असावा लागतो किंवा तिथल्या न्यायालयाने त्याला दुजोरा द्यावा लागतो. हे सगळे एकटीने सांभाळणे कठीण वाटेल, म्हणून स्वतःचा वकील सोबत बसवण्याची परवानगी मागा. तो तुमच्या वतीने उत्तरे देऊ शकणार नाही, मात्र असा क्षण आला तर थांबवू शकेल. कंपनीने वकील देऊ केला तर नम्रपणे नकार द्या, कारण त्याची निष्ठा तुमच्यापाशी नसेल. खर्चाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ल्यासाठी जा. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

सुरुवातीला ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची की प्रतिज्ञेवर सांगायचे असे विचारतील; दोन्हींचे मोल सारखेच आहे. नोंदवलेली साक्ष कमिशनर उच्च न्यायालयाकडे परत पाठवतो, तिथून ती केंद्र सरकारमार्फत न्यू जर्सीला जाते, आणि सहसा तुमचे काम तिथे संपते. पण कागद खोलीबाहेर जाण्यापूर्वी तो तुमच्यापुढे सहीसाठी येईल. तोपर्यंत सात वाजले असतील, सगळे थकलेले असतील, कोणीतरी म्हणेल, 'बाई, फक्त इथे सही करा.' चष्मा लावा, पाणी मागून घ्या आणि पहिल्या पानापासून वाचा. इंग्रजी तुम्हाला वाचता येते, हे तुम्हीच लिहिले आहे. एखाद्या ओळीत तुमच्या 'आठवत नाही'चे 'नव्हते' झालेले दिसले, तर तिथे बोट ठेवा, ती ओळ दुभाष्याकडून पुन्हा वाचून घ्या, दुरुस्ती तुमच्यासमोर लिहिली जाऊ द्या, आणि मग सही करा.